वाघचौऱ्यांची दुसरी साक्ष

बद्रीनाथ वाघचौरे यांना आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात पसंत पडली नाही, आणि दुसऱ्या फटक्यातही क्वचितच. हडपसरच्या एका पंपाच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं माल तपासला. माल तपासायचा म्हणजे काय, तर दुसऱ्यानं घाम गाळून केलेली वस्तू हातात घ्यायची, तिला गेज लावून माप बघायचं, तोंड वाकडं करायचं आणि तिच्यावर लाल रंगाचा ठिपका ठेवून ती बाजूला टाकायची. एवढ्या कामाला माणसाला पगार मिळतो हेच नवल. पण वाघचौऱ्यांनी ते काम पगारापुरतं ठेवलं नाही. ते रोज संध्याकाळी घरी घेऊन यायचे.

लग्नाला गेले की मठ्ठ्यात आलं जास्त व्हायचं आणि नवरदेवाचे खांदे उतरते निघायचे. शेजाऱ्यानं नवी गाडी घेऊन पेढा पुढे केला, तर पेढा तोंडात असतानाच विचारायचे, "हाच रंग शिल्लक होता का?" बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीत नाकानं कांदे सोलणारे पुष्कळ होते, पुण्यात काय त्यांचा तुटवडा आहे? पण बाकीचे आपले सवडीनं सोलायचे. वाघचौरे नेमानं, सकाळ-संध्याकाळ सोलायचे, आणि डोळ्याला पाणी नेहमी दुसऱ्याच्या यायचं.

हे पाणी बहुतेक वेळा विमलच्या डोळ्याला यायचं. विमल त्यांची बायको. शेवगावहून एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली, आणि तेहतीस वर्षं रोजच्या रोज तपासली गेली. पोळी जाड, आवाज मोठा, माहेरची माणसं बेताची. वाघचौऱ्यांनी तिला कधी शिवी दिली नाही, हात तर कधीच उगारला नाही. दारूचा थेंब नाही, विडी नाही, सुपारीचं खांडही नाही. ते स्वतःला अत्यंत सज्जन मनुष्य समजत आणि गंमत अशी की आख्खी सोसायटीही त्यांना सज्जनच समजत असे. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढण्यात जन्म गेला, की स्वतःच्या मुसळाला टेकून बसायची सवय होते.

मग ते निवृत्त झाले. मुलगी ऋतुजा लग्न होऊन चिंचवडला गेलेली. कारखाना सुटला, माल संपला, आणि तपासायला घरात उरली एकटी विमल. हा मनुष्य स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मोहरी तडतडण्याआधी जिरं टाकलं म्हणून व्याख्यान देऊ लागला. फडकं कसं पिळावं हे त्यानं पन्नाशी उलटलेल्या बाईला दाखवलं.

शेजारच्या इमारतीतली शर्मिला एका दवाखान्यात नर्स होती. ती दर रविवारी प्रार्थनेला जायची. एका रविवारी विमल तिच्याबरोबर गेली. खरं सांगायचं तर प्रभूचा शोध वगैरे नंतरचा; दोन तास घराबाहेर बसायला मिळतं म्हणून ती गेली. फ्लेक्स छापणाऱ्या दुकानाच्या वर एक हॉल होता. आठवडाभर तिथे बायका झुंबा नाचायच्या आणि रविवारी सकाळी तिथे मंडळी, म्हणजे ख्रिस्ती लोकांची प्रार्थनासभा, भरायची. एक आख्खी भिंत आरशांची. त्या हॉलमध्ये लोकांनी तिला विचारलं, "विमलताई, कशा आहात?" आणि विचारून उत्तराची वाट बघितली. असं तिच्याबाबतीत कधी झालं नव्हतं. ती दुसऱ्या रविवारी गेली, तिसऱ्या रविवारी गेली. वर्षभरानं तिनं बाप्तिस्मा घेतला.

"तेहतीस कोटी कमी पडले का तुला?" वाघचौऱ्यांनी विचारलं.

"ते नव्हते कमी पडले," विमल म्हणाली. "मीच कमी पडत होते."

ह्या उत्तरात काय नापास करावं हे वाघचौऱ्यांना कळेना. त्याहून वाईट म्हणजे विमल बदलली. आमटीला नाव ठेवलं तर पूर्वी तिचा चेहरा उतरायचा, आता ती "हो का?" म्हणायची आणि स्वतः आणखी वाटीभर आमटी वाढून घ्यायची. लाल ठिपका बसेना. ज्याचा आयुष्यभर एकच धंदा, त्याच्या हातातला ब्रश वाळला, तर त्यानं करायचं काय?

विमलचा गुडघा दुखायला लागला तसं तिला स्कूटरवर सोडायचं काम त्यांच्याकडे आलं. ती वर जायची, हे खाली टपरीवर चहाला नावं ठेवत बसायचे. एप्रिलच्या उन्हात टपरीवर बसवेना, आणि वर एसी होता, तेव्हा ते वर जाऊन मागच्या खुर्चीत बसले. ख्रिस्ताकडे माणसं नाना वाटांनी जातात. वाघचौरे एसीच्या वाटेनं गेले.

वर त्यांना तपासायला भरपूर माल मिळाला. टाळ्या तालात नाहीत. पास्टर अभिनव हा तिशीचा पोरगा पूर्वी कॉल सेंटरला होता आणि प्रार्थनासुद्धा ग्राहकाला थांबवून ठेवल्यासारखी करायचा. पण खरी चंगळ होती ती साक्षींची. गाणी झाली की कुणीतरी उठून आपण आधी कसे होतो आणि प्रभूनं आपल्याला कसं उचललं हे सांगायचं, अशी तिथली रीत. आणि रीतीमागचा न बोलता पाळलेला नियम असा, की साक्ष जेवढी काळी, तेवढी टाळी मोठी. रोहन नावाचा रिक्षावाला ह्या कलेत सगळ्यांचा गुरू. त्यानं दारू खरोखर सोडली होती, बायको-पोरं सुखात होती. पण दर खेपेला तो उभा राहिला की जुनी दारू थोडी वाढायची.

"एप्रिलमध्ये रोज क्वार्टर होती," परतताना वाघचौरे स्कूटरवरून मागे ओरडून सांगायचे. "जूनमध्ये खंबा झाला. सोडलेली दारू वाढते कशी, हे एकदा विचार तुझ्या पास्टरला."

विमल मागे बसून पदर सावरायची.

आणि मग जुलैतल्या एका रविवारी ते झालं. पास्टर म्हणाला, शेजारी बसलेल्यासाठी प्रार्थना करा. वाघचौऱ्यांच्या शेजारी पानशेतकडचा एक म्हातारा माळी बसला होता. ओळख ना पाळख. त्यानं आपला खरखरीत हात सरळ ह्यांच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "द्येवा, ह्यो मानूस कोन हाय मला ठावं न्हाई. तुला ठावं हाय. ह्याचं कुठं दुखतंय तेवढं बघ."

बस, एवढंच. मग म्हातारा डोळे मिटून आपली पाळी यायची वाट बघत बसला. वाघचौऱ्यांनी त्याच्यासाठी काहीतरी मागायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते भलतंच. "मला माझाच वीट आलाय," ते म्हणाले.

"आसंल," म्हातारा म्हणाला, आणि त्यानं ह्यांची पाठ थोपटली.

परत येताना गंगाधाम चौकात सिग्नलला उभे असताना वाघचौरे हसायला लागले. कुणाला नाही, कशाला नाही, नुसतेच. विमल मागून घाबरून म्हणाली, "अहो, काय झालं?" सिग्नल सुटला तरी ते हसतच होते. दुसऱ्या दिवशी मटकीची उसळ खाऊन ते "छान झालीय" असं बोलून गेले आणि दोघंही दचकले. गुरुवारपर्यंत हे थांबेना, तेव्हा ते सरळ डॉक्टरकडे गेले आणि त्यांनी ईसीजी काढायला लावला. डॉक्टरनं कागद बघितला, म्हणाला सगळं नॉर्मल आहे, त्रास काय होतो?

"हलकं वाटतं," वाघचौरे म्हणाले.

"कधीपासून?"

"रविवारपासून."

"मग माझ्याकडे कशाला आलात?" डॉक्टर म्हणाला आणि त्यानं पुढचा पेशंट बोलावला.

इथे मात्र हसायचं नाही. जे झालं ते खरं होतं. हा माणूस पहाटे उठून गॅलरीत उभा राहून येशूशी बोलू लागला. त्याला एवढंच कळलं होतं, की आपल्याला कुणीतरी घेतलं आणि घेताना गेज लावलं नाही. साठाव्या वर्षी त्याला सकाळ आवडायला लागली. पेपर टाकणाऱ्याला तो "ये रे" म्हणायचा. विमल स्वयंपाकघरातून हे ऐकायची आणि तिचा विश्वास बसायचा नाही, पण आनंद व्हायचा. चार महिने त्या घरात सुख होतं, आणि ते कुणी बाहेरून मोडलं नाही.

नोव्हेंबरात वाघचौऱ्यांनी बाप्तिस्मा मागितला. पास्टर अभिनवला आनंदानं काही सुचेना. रीतीप्रमाणे आधी मंडळीपुढे साक्ष द्यायची, मग मंडळीनं हात वर करून ती मान्य करायची, मग बाप्तिस्मा. वाघचौरे वही घेऊन बसले. काय लिहायचं? मला माझा वीट आला होता, एका माळ्यानं डोक्यावर हात ठेवला, मी चौकात हसलो. त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि एकतीस वर्षांची सवय जागी झाली. हा माल चालायचा नाही. वजन नाही, लांबी नाही, फिनिशिंग नाही. कारखान्यात काचेच्या कपाटात प्रत्येक वस्तूचा एक मंजूर नमुना ठेवलेला असे, आणि बाकी सगळा माल त्याच्याशी ताडून बघायचा असे. साक्षीचा मंजूर नमुना कोणता हे वाघचौऱ्यांना पाठ होतं. तो रोहन होता.

देवानं दिलेला अस्सल माल ह्या शहाण्यानं स्वतःच्या हातानं नापास केला आणि बाजारातला उचलला. असली चूक साधा माणूस करत नाही. तिला तपासनीसच लागतो.

रविवारी ते आरशांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "मी दारुडा होतो." तिथून त्यांना थांबता येईना. देशी प्यायचो. रात्री घरी यायचो. ह्या माउलीला पट्ट्यानं मारायचो. ती दळणाच्या डब्यामागे लपायची, मी तिला केस धरून ओढायचो. अकरा वर्षं! बायकांच्या बाजूनं हुंदके आले. रोहन दोन्ही हात वर करून "हालेलुया" ओरडला. वाघचौऱ्यांनी आरशात स्वतःला डोळे पुसताना बघितलं आणि त्यांचाच त्यांच्यावर विश्वास बसला. आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी त्यांना पसंत केलं होतं. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खाली कोण उभं आहे ते दिसत नाही. सगळे हात वर गेले. एक विमलचा सोडून.

विमल खुर्चीत बसून होती. तिचे कान लाल झाले होते. प्रार्थना संपताच बायकांनी तिला गराडा घातला. शर्मिलानं मिठी मारली. "किती सोसलंस गं, आणि कधी बोलली नाहीस!"

"अहो, असं काही नाही. ते खोटं बोलले," विमल म्हणाली.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कुणीतरी कुजबुजलं, "अजूनही सांभाळून घेते बघा नवऱ्याला." शर्मिलानं तिचा उजवा हात धरला. मनगटाच्या वर जुना भाजल्याचा डाग होता. "हा त्यांचाच ना?"

"अनारसे तळताना तूप उडालं होतं."

"आता कशाला लपवतेस, विमल?"

ती जितकं नाही म्हणायची, तितकं त्यांना ते खरं वाटायचं. दवाखान्यात मार खाल्लेल्या बायका शर्मिलानं पुष्कळ पाहिल्या होत्या आणि त्या सगळ्या असंच म्हणायच्या, जिन्यावरून पडले, तूप उडालं. तिचंही चुकलं नव्हतं. विमलला एकाएकी कळलं, की हे आपल्याला कधीच पुसता येणार नाही. खोटं नवऱ्यानं सांगितलंय, ते खोटं आहे हे फक्त त्यालाच सांगता येईल.

घरी आल्यावर तिनं चपला नीट लावून ठेवल्या आणि मग विचारलं, "अहो, हे काय केलंत तुम्ही?"

"अगं, लोकांवर परिणाम झाला ना," वाघचौरे अजून झाडावरच होते. "माणसं रडली. साध्या माणसाची साक्ष कोण ऐकतं?"

"टाळ्या हव्या होत्या, तर नाटकात जायचं होतं."

"विमल, तू समजून..."

"तिथे मी विमलताई होते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "आख्ख्या पुण्यात ती एक जागा होती जिथे मी कुणाची बिचारी नव्हते. आता मी मार खाल्लेली बाई झाले. मी त्या हॉलमध्ये आता पाऊल टाकणार नाही. ती जागासुद्धा तुम्ही तपासून टाकलीत." आणि ती आत जाऊन पडली. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरी रात्रीचा स्वयंपाक झाला नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते इथवरच थांबलं असतं तर बरं, पण साक्षीचा व्हिडिओ काढलेला होता. तो मंडळीच्या ग्रुपवर गेला, ग्रुपवरून कुणाच्या भावजयीला गेला, आणि बुधवारी चिंचवडला ऋतुजाच्या सासूबाईंच्या फोनवर पोचला. गुरुवारी सकाळी ऋतुजा रिकामी बॅग घेऊन दारात उभी.

"आई, कपडे भर. तू माझ्याकडे येतेयस."

"बाळा, ऐकून तर घे," वाघचौरे म्हणाले.

"बाबा, तुम्ही प्लीज बोलू नका. चोवीस वर्षं मी ह्या घरात राहिले. मला कसं काही दिसलं नाही, ह्या विचारानं मी काल रात्रभर झोपले नाहीये."

"नाही गं मारलं त्यांनी मला," विमल म्हणाली.

"सगळ्या बायका हेच म्हणतात, आई."

विमलनं कपाळाला हात लावला. हे ऐकून वाघचौरे झाडावरून पडले ते सरळ फरशीवर. त्यांनी मुलीला सगळं सांगितलं, वही दाखवली, खोडलेली पहिली साक्ष वाचून दाखवली. ऋतुजानं ते ऐकलं, आईकडे बघितलं, आईनं मान हलवली, तेव्हा कुठे तिनं बॅग खाली ठेवली. "म्हणजे तुम्ही खोटारडे आहात," ती बापाला म्हणाली. "बरंय. मारकुटे असण्यापेक्षा बरंय." पण ती परत गेली नाही. रविवारपर्यंत राहते म्हणाली.

वाघचौऱ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान कुणाला दिसत नव्हतं. पहाटे गॅलरीत ते उभे राहायचे, शब्द यायचे, आणि कुणी ऐकत असल्यासारखं वाटायचं नाही. हलकं वाटायचं ते गेलं. जे फुकट मिळालं होतं ते त्यांनी टाळ्यांना विकलं होतं, आणि टाळ्या तर रविवारीच संपल्या. त्यांना भीती वाटली. पुन्हा तो जुना वाघचौरे होऊन मरायची भीती. आणि आतल्या खोलीत विमल गाणं न म्हणता कपड्यांच्या घड्या घालायची, ते तर त्यांना बघवेना.

शुक्रवारी ते पास्टर अभिनवकडे गेले. पास्टरनं सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अंकल, चारशे जणांनी तो व्हिडिओ बघितलाय. कात्रजचा एक माणूस तो बघून दारू सोडतोय म्हणतो. आता एकदम आपण खोटं म्हटलं, तर त्याच्या विश्वासाचं काय? थोडं थांबू. ह्यावर प्रार्थना करू या."

"प्रार्थना मागाहून करा," वाघचौरे म्हणाले. जुना आवाज निघाला, पण ह्या वेळी तो कामाला आला. "आधी रविवारची पाच मिनिटं द्या. नाही दिलीत, तर मी खाली फ्लेक्सच्या दुकानात बोर्ड छापून घेतो आणि तुमच्या जिन्यात लावतो."

पास्टर लाल झाला. मग म्हणाला, "चुकलो मी. या तुम्ही."

रविवारी सकाळी विमल तयार होईना. "मी कशाला येऊ? तुम्ही जा, सांगा, या."

"मी खोटं बोललो तेव्हा तू समोर बसली होतीस," वाघचौरे म्हणाले. "खरं बोलताना नसलीस, तर मी पुन्हा काहीतरी बनवून सांगेन. मला माझा भरवसा नाही."

हे विमलला पटलं. ऋतुजा दोघांना गाडीत घालून घेऊन गेली.

हॉल गच्च भरला होता. व्हिडिओ बघून नवी माणसंही आली होती. वाघचौरे उभे राहिले. ह्या वेळी आरशाकडे पाठ केली.

"मागच्या रविवारी मी जे सांगितलं ते सगळं खोटं आहे," ते म्हणाले. "मी दारू कधी चाखलेली नाही. हिच्यावर कधी हात उचललेला नाही. तुम्ही टाळ्या वाजवाव्यात म्हणून मी ते बनवलं. हिच्या हातावरचा डाग अनारशाच्या तुपाचा आहे. ही खरं बोलत होती आणि तुम्ही तिला खोटं ठरवलंत, तेही माझ्यामुळे."

हॉलमधली हवाच गेली. कुणी खोकलं. एक नवा माणूस उठून चपला शोधायला लागला. रोहन तर असा नाराज दिसला, की जणू त्याची दारू कुणी पातळ केली. पास्टर पुढे झाला. त्याला वाटलं, संपलं. पण वाघचौरे उभेच होते.

"मग माझं पाप काय, असं तुम्ही विचाराल. मलाही वाटायचं, आपलं तसं काही नाही. ह्या आठवड्यात शोधत बसलो तेव्हा सापडलं. ही चौतीस वर्षांची असताना रात्रशाळेत जाऊन दहावीला बसली. घरचं सगळं करून. पास झाली, बावन्न टक्के. जूनमध्ये एकदा चहाला माझ्या कारखान्यातली माणसं आली होती. ही गुणपत्रिका घेऊन बाहेर आली, मला दाखवायला. मी ती सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचली. म्हणालो, गणित पस्तीस, अगदी काठावर. असला माल आम्ही भंगारात टाकतो. सगळे हसले. हीपण हसली. हिला बालवाडीच्या शिक्षिकेचा कोर्स करायचा होता. फॉर्म आणून ठेवला होता, भरलेला. तो तिनं दिलाच नाही. मी विचारलंसुद्धा नाही, का दिला नाहीस. मला बरं वाटलं होतं. त्यानंतर हिनं काही शिकायचं नाव काढलं नाही. मी पट्ट्यानं मारलं नाही. मी हिला हसलो. रोज हसलो."

ते थांबले. हॉलमध्ये चुळबूळ झाली. आणि रोहन, मनानं साधा, त्याच्या तोंडून जे आलं ते आलं. "एवढंच?" तो म्हणाला. "मला वाटलं काय न काय!"

दोघं-तिघं हसलेही. तेव्हा बायकांच्या बाजूनं विमल उठली. ती सभेत कधी बोलली नव्हती. आपल्या बाप्तिस्म्यालाही तिनं दोन वाक्यांत साक्ष आटोपली होती.

"एवढंच नाही, रोहनभाऊ," ती म्हणाली. "मारलं असतं तर वळ उठला असता. आईला दाखवला असता मी. पोलिसांना दाखवला असता. हे कुणाला दाखवणार होते? आईला सांगितलं, तर ती म्हणाली, बोलतात तर बोलतात, हात तर नाही ना उचलत? नशीबवान आहेस. तेहतीस वर्षं मी नशीबवान म्हणून काढली."

शर्मिलानं मान खाली घातली. ऋतुजा मागच्या भिंतीला टेकून उभी होती, ती एकदम खाली बसली. चोवीस वर्षांत आपल्याला काय दिसलं नव्हतं, ते तिला आता दिसलं. एवढंच नाही, त्या घरातल्या हसण्यात आपणही कितीदा सामील होतो, हेही तिला आठवलं.

वाघचौरे खुर्चीकडे वळले.

"बसू नका," विमल म्हणाली. "तुमच्या बहिणीच्या लग्नातलं राहिलं."

वाघचौऱ्यांनी ते सांगितलं. मग तिच्या वडिलांच्या धोतराबद्दल काय बोलले होते ते सांगितलं. मग तिनं पहिल्यांदा स्कूटर शिकायला घेतली तेव्हाचं. मध्येच ती म्हणायची, "नाही, ते शेजाऱ्यांसमोर म्हणालात," आणि ते म्हणायचे, "हो, शेजाऱ्यांसमोर." कुणी हालेलुया म्हटलं नाही. कुणी हललंही नाही. त्या नव्या माणसानं हातातल्या चपला खाली ठेवल्या. पास्टर अभिनवनं एकदाही घड्याळ बघितलं नाही, आणि हे त्याच्या नावावर जमा असू द्यावं. विमल रडत होती, पण तिची मान ताठ होती. जे कुणाला दाखवता आलं नव्हतं, ते शंभर माणसं बघत होती, आणि करणारा स्वतः दाखवत होता. तिला इतकं मोकळं कधीच वाटलं नव्हतं, बाप्तिस्म्याच्या दिवशीसुद्धा नाही.

शेवटी वाघचौऱ्यांचा घसा बसला. पास्टर हळूच पुढे आला आणि त्यानं रीतीप्रमाणे विचारलं, "मंडळीला ही साक्ष मान्य आहे का?"

एकही हात वर गेला नाही. सगळे विमलकडे बघत होते.

"खरी आहे," विमल म्हणाली. "पण पुरी झालेली नाही. बाप्तिस्मा ईस्टरला द्या. तोपर्यंत रोज थोडं थोडं मला घरी सांगू देत."

वाघचौऱ्यांनी बायकोकडे बघितलं. शंभर माणसांसमोर ते नापास झाले होते, आणि गंगाधाम चौकात वाटलं होतं तसं हलकं त्यांना पुन्हा वाटायला लागलं होतं.

"रोज सांगतो," ते म्हणाले. "पण विमल, ईस्टरपर्यंत उरकायचं नाही ते."

"मग पुढच्या ईस्टरला घ्या," विमल म्हणाली. "मी कुठे जातेय?"